हिरवळीवरची पाच मिनिटं

"तू बूट काढतेयस का?" क्लाइव्ह हॅकेटनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आतच कोणी बघतंय का ते वळून पाहिलं.

"हो. माझ्या बापाच्या हिरवळीवर मी बूट घालून जाणार नाही," बेरिल म्हणाली.

केंब्रिजच्या सेंट वेरना कॉलेजचा तो चौक. मधोमध इस्त्री फिरवल्यासारखी हिरवळ आणि कडेला पाटी : 'फेलो आणि त्यांच्यासोबतचे पाहुणे यांच्याखेरीज कोणीही हिरवळीवर पाऊल ठेवू नये.' फेलो म्हणजे कॉलेजनं कायमचे पोसलेले विद्वान. बेरिलचे वडील, विल्फ पेजेट, इथले माळी होते. एकतीस वर्षं त्यांनी हे गवत कापलं, त्याला पाणी पाजलं, तण उपटलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी एकच मागणं मागितलं होतं. पाच मिनिटं हिरवळीवर बसू द्या आणि एक फोटो काढा. कॉलेज म्हणालं, नियम म्हणजे नियम. त्यांना पाटीशेजारी उभं करून फोटो काढला. म्हातारा गेल्या मार्चमध्ये ब्याण्णवाव्या वर्षी वारला, पण ते काही विसरला नव्हता. आणि लग्न होऊन ग्रिम्सबीला गेलेली त्याची लेक आज स्वतःच्याच गावात, पेन्शनरांच्या सहलीच्या बसमधून, तिकीट काढून आली होती ती त्या पाच मिनिटांसाठी.

तिच्या नवऱ्याचं, बिचाऱ्या क्लाइव्हचं, जगणं वेगळं. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर 'माफ करा' तोच म्हणायचा. "लोक बघतायत गं," तो पुटपुटला.

"बघू देत. बघायलाच आलेत," असं म्हणून बेरिल चालू लागली ती थेट हिरवळीच्या मध्यावर जाऊन मांडी घालून बसली.

दारावरचे मुख्य पोर्टर मिस्टर टिंडल गोल काळी टोपी सावरत धावत आले आणि काठाशी येऊन थबकले.

"बाई, बाहेर या."

"आत येऊन न्या मला."

मिस्टर टिंडलनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बुटांकडे. चौतीस वर्षं ते हा चौक वळसा घालूनच ओलांडत आले होते. ते कुठले फेलो. हिला ओढून काढायची तर हिरवळीवर जायला हवं, आणि हिरवळीवर जायचं तर आधी विद्वान व्हायला हवं, आणि साठीला टेकल्यावर ते जमण्यातलं नव्हतं.

"तुमची बायको का?" त्यांनी क्लाइव्हला विचारलं.

"माफ करा," क्लाइव्ह म्हणाला.

शेवटी मिस्टर टिंडल भोजनगृहाच्या पायऱ्यांवरून डॉक्टर ॲशकॉमना पकडून घेऊन आले. हे गृहस्थ मेलेल्या भाषांचे जाणकार, आणि आज बुधवार, म्हणजे भाजलेलं कोकरू. त्यामुळे ते घाईत होते. ते झपाझप हिरवळीवर गेले आणि बेरिलला म्हणाले, "बाईसाहेब, इथं फक्त फेलो आणि त्यांच्यासोबतचे पाहुणे बसू शकतात."

"मग तुम्ही आहात की सोबत," बेरिल म्हणाली. "बसा."

डॉक्टरांनी काठाकडे वळून विचारलं, "टिंडल, ही आता नियमात बसते का हो?"

"तुम्ही तिथं आहात तोवर बसते, सर."

"आणि मी जेवायला गेलो तर?"

"तर ती पुन्हा नियमाबाहेर, सर. आणि तिला तसं टाकून गेल्याची नोंद तुमच्या नावावर होईल."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. डॉक्टर ॲशकॉम हताश होऊन खाली बसले. बेरिलनं पिशवीतून अंड्याचं सँडविच काढून अर्धं त्यांच्या हातात ठेवलं.

आता खरा घोळ झाला. क्लाइव्ह काठाशी नीट ताठ उभा होता आणि शेजारी टोपीवाले मिस्टर टिंडल. सहलीतल्या दोन बायका आल्या, त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि मुकाट्यानं क्लाइव्हच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे एक पाद्री, पाद्र्यामागे लीड्सचं एक कुटुंब. इंग्लंडात रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची ते मागाहून विचारतो, आणि बरेचदा विचारतही नाही.

"प्रत्येकाला किती वेळ देतात हो?" मागच्या बाईनं विचारलं.

"पाच मिनिटं असावीत," पाद्री म्हणाला. "सँडविचसकट."

"ही रांग नाहीये," मिस्टर टिंडल ओरडले. "जा बघू सगळे."

कोणी हललं नाही. गेलं की नंबर जातो, हे तिथल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. उलट मिस्टर टिंडलच मध्ये घुसतायत की काय, अशा नजरेनं लोक त्यांच्याकडे बघू लागले.

पाच मिनिटं झाली तशी बेरिल उठली. ठरवलं होतं तेवढंच. ती काठावर येऊन बूट घालू लागली. म्हणाली, "विल्फ पेजेटची पोरगी बसून गेली म्हणून लिहा तुमच्या वहीत."

मिस्टर टिंडलनी टोपी काढली. "आधी सांगायचंत ना बाई. मी नवा होतो तेव्हा रविवारी सगळे प्रार्थनेला गेले की तुमचे वडील गवत कापायचं यंत्र मधोमध नेऊन बंद करायचे. एक हात त्याच्या दांड्यावर ठेवायचे आणि उताणे पडून तासभर पेपर वाचायचे. दांड्याला हात आहे तोवर माणूस कामावर. मी नियम तीनदा वाचला, कुठं पकडता येईना."

बेरिलचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. बापासाठी इतकी वर्षं जपलेला राग, आणि बाप दर रविवारी लोळत होता. "मग फोटोसाठी एवढा जीव का टाकला त्यानं?"

"फोटोत यंत्र नको होतं त्यांना," मिस्टर टिंडल म्हणाले.

बेरिलचे डोळे भरून आले होते आणि ते तिला अजिबात चालणार नव्हतं. तिनं बूट पुन्हा काढले.

"क्लाइव्ह, फोटो राहिला."

रांगेत पहिला नंबर क्लाइव्हचा होता. तो बाजूला झाला. "माझा नंबर हिला दिला."

"त्यांचा एकदा झालाय," मागून लीड्सवाला म्हणाला. "आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

क्लाइव्ह वळला. 'माफ करा' ओठांवर आलंच होतं, ते त्यानं गिळलं. "झालाय. आता परत होईल. ज्याला बोलायचंय त्यानं माझ्याशी बोलावं."

अख्खी रांग एक पाऊल मागे सरकली. तिकडे सटकण्याच्या बेतात उठलेले डॉक्टर ॲशकॉम निमूटपणे परत बसले. बेरिल मधोमध गेली, मांडी घातली आणि दोन्ही हात पंजे उघडून डोक्यावर धरले.

"हात नीट येऊ देत," तिनं क्लाइव्हला बजावलं. "दोन्ही रिकामे दिसले पाहिजेत."