अण्णाजींना थोडे सरकवण्याबाबत

सिंदी रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहण्याचे काम अण्णाजी करीत. त्या मंगळवारीही ते ढिगाजवळ उकिडवे बसून कापसाचा ओलावा चिमटीत अजमावत होते. वर्ध्याला शिकवणारी त्यांची मुलगी जया शाळेचा नवा डिजिटल कॅमेरा घेऊन आली होती. भुवयांना पुंजके चिकटलेले, मान कललेली, हसू एकाच बाजूला, असा त्यांचा एक फोटो तिने काढला.

"फोटो कायले काढून राह्यली वं? लग्न हाये काय माझं?" ते म्हणाले.

दोघांनी चहा घेतला आणि ती संध्याकाळच्या गाडीने परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णाजी झोपले ते उठलेच नाहीत.

तेरवीला हार घालायला फोटो लागतो. इतर फोटोंत अण्णाजी नेहमी कुणाच्या तरी खांद्यामागे असत, म्हणून जयाने हाच फोटो गावातल्या हेमराजच्या फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उतरवला. कॅमेरा आतले कार्ड रिकामे करूनच जमा करावा, असा शाळेचा नियम होता. तो तिने पाळला. आता वडिलांचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला होता.

त्या ठिकाणची कार्यपद्धती अशी, की एका गिऱ्हाइकाची एकच फाइल. दुरुस्ती तिच्यावरच करायची आणि तिच्यावरच सेव्ह मारायचे. दोन फायली झाल्या की खरी कोणती यावर घराघरांत भांडणे होतात, असा हेमराजचा अनुभव होता. त्याने अण्णाजींना ढिगापासून कापून वेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोच्या सुट्या थरावर, घेतले आणि मागे स्वित्झर्लंड दिले.

मग जयाचे मोठे बाबा, म्हणजे अण्णाजींचे थोरले भाऊ वासुदेवराव, निवृत्त हेडक्लार्क, यांनी स्थळपाहणी केली. मृताची मान वाकडी असणे योग्य नाही, असे त्यांचे मत पडले. लेअर फिरवला. सुलोचना आत्याला सरळ अण्णाजी रागावल्यासारखे वाटले. तो परत कलता केला. पेपरातल्या निधनवार्तेसाठी अण्णाजी तिकिटाएवढे झाले. तेच तिकीट मग चौकातल्या फ्लेक्ससाठी दाराएवढे ताणले. त्यात शोकाकुल पुढारी मृतापेक्षा लहान दिसू लागला, तेव्हा शिष्टाचारानुसार अण्णाजींना आक्रसून कोपऱ्यात सरकवले. तेरवीसाठी पुन्हा फुगवले.

जया दर वेळी सांगत होती की लहान केल्यावर गेलेले बारकावे मोठे केल्याने परत येत नाहीत. मूळ लेअर बाजूला ठेवा, प्रतीवर काम करा, काय हवे ते ठरवून एकदाच बदला. एकदाच ठरवायला हे काही खासगी काम नाही, असे वासुदेवराव म्हणाले.

"ताई, मानूस तोच हाये," हेमराजने समजूत घातली. "आपन त्याइले फक्त सरकवून राह्यलो."

सरकता सरकता चेहऱ्याची खीर झाली. हेमराजने ती गुळगुळीत केली. पुंजक्यांबरोबर भुवयाही पुसल्या गेल्या होत्या. त्या वडनेरच्या एका नवरदेवाच्या अल्बममधून आणल्या. गोरेपणा त्याने आपणहून दिला. वासुदेवरावांनी चष्मा लावून पाहिले आणि मान्यता दिली.

तेरवीला लोक रांगेने आले, फूल वाहिले, हात जोडले. हुबेहूब आहे, यावर सगळ्यांचे एकमत झाले. आत्ता बोलतील असे वाटते, असे एक शेजारी म्हणाले. हयातीत त्यांनी अण्णाजींना बोलू दिले नव्हते. जिनिंगचे मालक तर फोटोकडे पाहून रडले. जयाची पाळी आली. ती फूल हातात धरून उभीच राहिली. रांग खोळंबली. फूल वाहा, पोरी, लोक जेवायचे आहेत, असे वासुदेवराव हळूच म्हणाले.

जया रांगेकडे वळली.

"मोठे बाबा, हे कोन हायेत मले मालूम नाई. माझे बाबा काही देखणे नोयते. मले ते लय आवडत. त्याइले हे कधी सांगितलं नाई. आता तुमाले सांगून राह्यली, कारण तुमीबी त्याइले कधी नीट पाह्यलं नाई."