अक्काच्या दारात स्टॉप नाही

निवृत्त झाल्यापासून ड्रायव्हरचा उजवा पाय काही केल्या स्वस्थ बसत नव्हता. जेवायला बसला की टेबलाखाली ब्रेक दाबायचा. बायको स्वयंपाकघरातून जरा वेगाने वळली तरी दाबायचा. एकदा तो प्रवासी म्हणून बसमध्ये बसला, तर दर वळणावर त्याचा पाय पुढच्या सीटवर असा आपटू लागला की शेवटी नव्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. "काका, एक तर तुम्ही चालवा, नाही तर उतरा." ड्रायव्हर उतरला. त्या दिवसापासून त्याने बसचं नाव टाकलं आणि सायकल घेतली.

आता त्याच सायकलवरून त्याला अक्काकडे जायचं होतं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिचं घर त्याच्या जुन्या मार्गावर, अगदी रस्त्याला लागून. सगळी नोकरी त्या दारावरून बस नेण्यात गेली, पण दारात स्टॉप नव्हता. अक्का पायरीवर येऊन हात हलवायची, हा दोनदा हॉर्न द्यायचा आणि गाडी वळणाआड जायची. एकदा आत येऊन जेवून जा, असं ती कैक वर्षं सांगत होती. रिटायर झालो की येतो, असं हा कैक वर्षं म्हणत होता. रिटायर झाला, तरी आज जाऊ, उद्या जाऊ चाललंच होतं. मग अक्काचा फोन आला. घर रिकामं करायचं ठरलं होतं. शनिवारी संध्याकाळी तिचा मुलगा टेम्पो घेऊन येणार होता आणि सामानाबरोबर तिलाही शहरात नेणार होता.

"टेम्पो यायच्या आत ये," ती म्हणाली. "नंतर भांडी बांधलेली असतील. तुला वाढू कशात?"

सोबत कंडक्टर निघाला. दोघांनी सारी नोकरी एकाच गाडीवर काढली होती. ड्रायव्हरने मागे वळून बघायचं नाही आणि कंडक्टरने पुढे बघायचं नाही, अशी त्यांची मैत्री. मध्ये फक्त घंटेची दोरी. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बारा महिने भांडले तरी घंटेवरून त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं.

शनिवारी उजाडायच्या आधीपासून पाऊस लागला होता. रेनकोट चढवून दोघे आपापली सायकल घेऊन रस्त्यावर आले. ड्रायव्हर एक पाय पेडलवर ठेवून उभाच राहिला.

"निघ की," कंडक्टर म्हणाला.

"बेल दे."

"अरे, सायकल आहे ही."

"मग?"

कंडक्टरने सायकलची घंटी दोनदा वाजवली. ड्रायव्हर निघाला.

जाऊन-येऊन दिवसभराचा पल्ला होता, पण जेवायच्या वेळेला पोचू असा हिशोब होता. तो पहिल्याच स्टॉपवर चुकला. डेपोच्या फाटकातच झाड पडल्याने बस येणार नव्हती; हे ड्रायव्हरला कळलं होतं, स्टॉपवर मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. शेडखाली ही गर्दी. ड्रायव्हरला थांबायचं अजिबात नव्हतं. पण स्टॉप दिसताच त्याचे पाय आपोआप थांबले आणि सायकल शेडला अगदी नेमकी लागली. लोकांनी त्याला लगेच ओळखलं. बस कधी येणार, असं सगळे त्यालाच विचारू लागले, जणू तो ती खिशात घालून आला होता. येत नाही म्हटल्यावर एका बाईने औषधाची पिशवी पुढे केली. पुढच्या स्टॉपवर तिचे सासरे उभे असतील, त्यांना द्या म्हणाली. नाही म्हणायला ड्रायव्हरने तोंड उघडलं, तोवर कंडक्टरने मागून पिशवी घेऊन टाकली होती.

"औषध आहे रे," कंडक्टर म्हणाला. "औषधाला नाही म्हणतात का?"

पुढच्या स्टॉपवर सासरे भेटले. पण तिथे घड्याळजीही होता, आणि दुरुस्त करून प्लास्टिकमध्ये बांधलेलं भिंतीवरचं भलंथोरलं घड्याळ त्याला तीन स्टॉप पुढे धाडायचं होतं. ते कंडक्टरच्या पाठीवर बांधलं गेलं. खड्डा आला की ते ठोके द्यायचं, कधी चार, कधी अकरा. दर ठोक्याला ड्रायव्हर पेडल आणखी जोरात मारायचा. उशीर झाला, हे त्याला घड्याळाने सांगायची गरज नव्हती, पण ते सांगतच होतं.

तिसऱ्या स्टॉपवर एक नर्स होती. तिला ड्यूटीवर पोचायचंच होतं. ती न विचारता कंडक्टरच्या कॅरियरवर बसली. सवयीने कंडक्टर तिला म्हणाला, "जरा आत सरका." आत कुठे सरकायचं, असं तिने विचारलं, तेव्हा तो ओशाळून पेडल मारू लागला. चौथ्या स्टॉपवर टोपलीतली कोंबडी ड्रायव्हरच्या हँडलला लटकली.

त्या कोंबडीनेच घात केला. घड्याळ उतरलं त्या स्टॉपवर तिचा मालक यायचा होता, तो येईना. ड्रायव्हर शेडमध्ये येरझारा घालत होता, टोपली या हातातून त्या हातात घेत होता. इतक्यात ताडपत्री घातलेला टेम्पो शेजारी येऊन सावकाश झाला. खिडकीतून भाच्याने डोकं काढलं.

"मामा, कोंबडी कुणाची?"

"माझी नाही."

"बरं. मी लवकरच निघालोय, पाऊस वाढायच्या आत आईला हलवतो. तुम्ही या सावकाश." आणि दोघांवर चिखल उडवून टेम्पो निघून गेला.

ड्रायव्हरने टोपली शेजारच्या दुकानदाराच्या हातात कोंबली आणि सायकलवर टांग टाकली. आता मध्ये कुठेही थांबायचं नाही, असं त्याने ओरडून सांगितलं. कंडक्टरनेही घंटीला हात लावणार नाही असं कबूल केलं. तरी पुढच्या स्टॉपवर ड्रायव्हर थांबलाच. नर्स आभार मानून उतरली.

"मी बेल दिली नव्हती," कंडक्टर म्हणाला.

"पायांना कुठे ऐकू येतं?" ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "ते स्टॉप बघतात."

मग मात्र त्याने सायकल अशी हाणली की कंडक्टरला धाप लागली. पाऊस तोंडावर सपासप लागत होता, चष्म्याला पाणी, डोळ्यांपुढे फक्त तो टेम्पो. चढ संपला आणि खरोखरच टेम्पो दिसला. ड्रायव्हरच्या अंगात वीज संचारली. उजवीकडून सफाईने त्याने टेम्पो ओलांडला, सवयीने दोनदा घंटी वाजवली, हात हलवला आणि वळण घेतलं. मागोमाग कंडक्टरनेही हात हलवला. वळणापुढे स्टॉप होता. पाय थांबले.

"गाठला," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला. "मागे टाकला त्याला."

"टाकलास खरा," कंडक्टर म्हणाला. मग मागे वळून बघत म्हणाला, "पण तो उभा होता."

ड्रायव्हरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू बेल का नाही दिलीस?"

"तिथे स्टॉप कुठे आहे?"

"नाहीच आहे," शेडमधून कुणीतरी म्हणालं.

अंधाऱ्या कोपऱ्यात, बाकावर, छत्री मांडीवर घेऊन अक्का बसली होती. तू इथे कशी, एवढंच ड्रायव्हरने पुटपुटत विचारलं.

"पोरगा म्हणाला, मामा वाटेत भेटला, कोंबडी घेऊन उभा होता. तेव्हाच छत्री उचलली. म्हटलं, इतकी वर्षं बघतेय मी. दारात हा थांबायचा नाही, स्टॉपवर मात्र चुकायचा नाही."

"अक्का, मी तुझ्याकडेच येत होतो गं."

"दिसलं की. ताटं झाकून ठेवलीत. तेवढी भांडी बांधू दिली नाहीत मी त्याला. चल."

ती त्याच्या कॅरियरवर बसली, छत्री उघडली. कंडक्टरने दोन टोले दिले आणि सायकली उलट्या फिरल्या. चढावर ड्रायव्हरने मान खाली घातली होती. वळण सरलं, टेम्पो आला, पायरी आली. ड्रायव्हरचे पाय आपल्या लयीत चाललेच होते, तेवढ्यात मागून एकच टोला पडला.

पाय थांबले. अगदी पायरीशी.

बांधलेल्या गाठोड्यांच्या मधोमध बसून तिघे आणि भाचा पोटभर जेवले. ड्रायव्हरचा उजवा पाय कधी नव्हे इतका स्वस्थ होता. फक्त जेवणं आटोपून अक्का ताटं बांधायला उठली, तेव्हा तेवढा एकदा तो जोरात दाबला गेला.