शोकेसमधली गाडी

जी गाडी आपण जन्मात कधी चालवली नाही, तिच्या पोटात कापूस निघाला तर कोणाचंही डोकं फिरेल. अंकुरचं तर ते बहुतेक वेळा फिरलेलंच असायचं. घाटंजीच्या वीज कार्यालयात दिवसभर लोक खिडकीतून त्याच्यावर ओरडत, आणि तिथे उलट ओरडायची सोय नसल्यामुळे तो सगळा माल तो जपून घरी आणत असे. त्या रविवारी सकाळी मात्र त्याला घरातच आयतं कारण मिळालं. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्याने लाल गाडीचं मागचं चाक काढलं, आणि चाकाच्या दांड्याभोवती काळपट, घट्ट पिळलेला कापूस गुंडाळलेला दिसला.

"वैष्णवी!" तो ओरडला. "इकडे ये अन् हे पाह्य!"

त्याची बायको वैष्णवी हातातलं लाटणं घेऊनच आली. "काय झालं? बोट कापलं काय?"

"कापूस!"

"मंग? मागची खोली भरून हाये कापूस. त्यात काय पाहाचं?"

आता ही गाडी काही साधीसुधी नव्हती. अंकुर तिसरीत असताना त्याचे मामा बबनराव सौदीहून आले, तेव्हा त्यांनी ती आणली होती. जपानी, रिमोटची, लांब अँटेनावाली. मामांनी खोक्यातले सुटे भाग स्वतःच्या हाताने जोडून गाडी भाच्याच्या ओंजळीत दिली, आणि भाच्याने ती जमिनीवर टेकवायच्या आत त्याचे वडील पुंडलिकराव यांनी उचलून समोरच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवली. "हात नको लावू, खराब होईन," ते म्हणाले. अंकुरचं अख्खं बालपण या एका वाक्यावर गेलं. पहिला नंबर आला तरी हेच, गोवर निघाला तरी हेच. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, कानशिलं पांढरी झाली, आणि गाडी प्लास्टरच्या पोपटाशेजारी होती तिथेच राहिली.

मागच्या आठवड्यात त्याने मोबाइलवर पाहिलं, कुठला तरी दाढीवाला अगदी अशीच जुनी गाडी दुरुस्त करून चिखलातून पळवत होता. अंकुरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोकं चालवून राह्यले, अन् माही गाडी पोपटासंग बसून हाये!" आपली गाडी आपणच पहिल्यांदा चालवायची, आणि तीही बाबांच्या डोळ्यांदेखत, एवढी एकच इच्छा त्याच्या मनात उरली होती. म्हणून बाबा वेचणीच्या मजुरांबरोबर शेतात गेल्याबरोबर त्याने शोकेस उघडली होती. आणि आता हा कापूस. वर मोटर जळून कोळसा. नुसत्या उभ्या गाडीची मोटर जळत नाही, आणि शोकेसमध्ये कापूस पिकत नाही, एवढं त्याला वीज कार्यालयात न जाताही समजलं असतं.

"उंदीर असन," वैष्णवी म्हणाली.

"उंदीर रिमोट दाबते काय?"

त्याने उमरखेडला दिलेल्या थोरल्या बहिणीला, प्रियंकाला, फोन लावला. "ताई, खरं सांग. माही गाडी तू चालोली व्हती?"

"बाप्पा, आता काहाडलं काय हे?" प्रियंका हसली. "दोन-चार डाव चालोली, बस."

"दोन-चार डाव?"

"तू शाळेत गेल्यावर. तुह्यासमोर कशी चालवाव? तू रडला असता ना. तुहाच विचार केला म्या."

"अन् मोटर कोनं जाळली?"

"म्या नाई जाळली! चांगली पळे. मंग एका दिवाळीनंतर बंदच पडली. मले वाटलं आईनं बिघडोली, म्हून मी चूप राह्यली. थे तं रोज चालवे."

फोन न ठेवताच अंकुर अंगणाकडे वळला. त्याची आई, इंदूबाई, सुपात तूर पाखडत बसली होती. तिचे कान एरवी शेजारच्या घरातली कुजबुजही टिपत, पण या वेळी तिला दोनदा हाक मारूनही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा ऐकू आलं, कारण ते राळेगावपर्यंत गेलं असावं.

"मी काई खेळली नाई, बाप्पा," ती सूप खाली ठेवत म्हणाली. "अंगनात कुरोड्या वाळू घालो, कावळे लय येत. गाडी फिरवली का पळत. मी कामासाठी चालोली."

"मले हात लावू देला नाई, अन् तू तिनं कावळे हाकलले?"

"तू आदळली असती. तिची एक खोड व्हती, उजवं दाबलं का..."

"मले काई ऐकाचं नाई!"

"आयकून तं घे."

"नाई म्हणजे नाई!" अंकुर पाय आपटत ओसरीवर गेला, आणि पाय नेमका गाडीच्या सुट्या स्क्रूवर पडला. पुढचे काही शब्द वैष्णवीने मोठ्याने कुकर लावून झाकले.

संध्याकाळी पुंडलिकराव शेतातून आले. शोकेसमधल्या रिकाम्या जागेकडे त्यांनी पाहिलं, ओसरीवरच्या पसाऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता पाय धुवायला गेले. अंकुर भांडणाची सगळी तयारी करून बसला होता, त्याचा फार विरस झाला. जो माणूस चमचा जागेवर नसला तरी घर डोक्यावर घेतो, तो आज गप्प का, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्याने ठरवलं, आधी गाडी चालू करायची आणि मग भरअंगणात सगळ्यांना जाब विचारायचा.

मग आठवडाभर तो ऑफिसातून आला की ओसरीवर बसे. चिमट्याने कापूस उपटताना दर धाग्याला एकेका नातेवाइकाचं नाव घेई. गंजलेले पॉइंट लिंबाने घासले. टायरांचा भुगा झाला होता, तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चढवल्या. नवी मोटर कुरिअरने मागवली, ती जुनीपेक्षा दुप्पट ताकदीची. जुनी बॅटरी फुगून गेली होती, म्हणून त्याने वडिलांच्या फवारणीच्या पंपातली काढून गाडीच्या पाठीवर रबराने बांधली.

"एवढी झेपन काय तिले?" वैष्णवीने विचारलं.

"मले शिकवू नको!"

तिकडे पुंडलिकराव तुरीवर फवारायला निघाले, तर पंपातून हवासुद्धा येईना. "बॅटरी कोनं नेली?" ते अंगणात गरजले. "या घरात मानसाची वस्तू सलामत राहतच नाई! इचारल्याबिगर हात लावतेच कसं कोनी?" अंकुरने हे शेवटचं वाक्य आतून ऐकलं आणि दात असे आवळले की रात्रीपर्यंत जबडा दुखत होता.

पुढच्या रविवारी प्रियंका उमरखेडच्या एसटीने आली. आठवड्यात भावाने पुन्हा फोन करून तिला चोर म्हटलं होतं, ते तिला फार लागलं होतं, आणि फोनवर उलट बोलून तिचं समाधान होत नसे. "खेळन्यासाठी बहिनीले चोर म्हन्तं?" ती फाटकातूनच सुरू झाली. इंदूबाई लेकीच्या बाजूने, वैष्णवी कोणाच्याच बाजूने नाही. पुंडलिकराव बाजेवर बसून तंबाखू मळत होते. अंकुरने गाडी अंगणाच्या मधोमध ठेवली, तोंड तुळशीकडे.

"आज सगळेच हाये, चांगलं झालं," तो रिमोटची अँटेना बापाच्या दिशेने रोखून म्हणाला. "पयले चालवतो. मंग सांगा मले, जाळली कोनं."

पुंडलिकरावांचा मळणारा अंगठा थांबला. "पयले चालव तं खरी," ते म्हणाले.

अंकुरने दट्ट्या पुढे ढकलला.

गाडी चालली नाही, उडाली. पंपाच्या बॅटरीने आणि नव्या मोटरीने तिचा इतक्या वर्षांचा सगळा आळस एकदमच काढला. ती सरळ तुळशीवर निघाली. अंकुरने जीव खाऊन रिमोटवर उजवं दाबलं. गाडी डावीकडे वळली.

"डावं दाब!" प्रियंका ओरडली.

"डावं, बाप्पा, डावं!" इंदूबाई ओरडली.

"डावं दाब बे, उलटी वळते थे!" बाजेवरून तिसरा आवाज आला.

"मले शिकवू नका!" अंकुर गरजला आणि त्याने उजवं आणखी जोरात दाबलं. ओसरीच्या पायऱ्यांवर कापसाची पोती ओढायला फळी टाकलेली होती. गाडी त्या फळीवरून वर चढली, ओसरी पार करून उघड्या दारातून समोरच्या खोलीत शिरली, आणि जिथे ती सगळं आयुष्य बसली होती त्या शोकेसवर जाऊन धडकली. काचांचा असा खळखळाट झाला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मग पोपटाचं मुंडकं उंबऱ्यापर्यंत घरंगळत आलं आणि थांबलं.

अंकुर रिमोट हातात धरून तसाच उभा होता. प्रियंकाचा आवाज त्याला कळला होता, आईचाही कळला होता. तो हळूहळू बाजेकडे वळला.

"बाबा, उलटी वळते हे तुमाले कसं मालूम?"

पुंडलिकरावांनी तंबाखू तोंडात टाकली नाही, झटकून दिली. "तुहा मामाच म्हने, जोडतानी काहीतरी उलटं बसलं."

"वळताना तुम्ही कवा पाह्यली?"

"दिवाळीत तुम्ही सगळे मामाच्या गावी गेलते," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "मी एकटाच कापूस राखत बसलो व्हतो. म्हटलं पाहू तं खरी, साळ्यानं काय आनलं. उजवं दाबलं तं डावीकडे, सरळ गंजीत. निघेचना. मी दाबत राह्यलो, दाबत राह्यलो, अन् मंग धूर. कापसात धूर, अंकुर! गुंडभर पानी ओतलं म्या तिच्यावर."

"बाई!" इंदूबाई म्हणाली. "अन् मले वाटलं, माह्या कुरोड्यानंच गेली."

"अन् मले म्हन्त राह्यले, हात नको लावू!" अंकुरचा आवाज चिरकला.

"हात लावला असता तं तुले समजलं असतं ना, बंद हाये म्हून. नागपूरले नेतो, चालू करतो, मंगच पोराच्या हातात देतो म्हटलं. या दिवाळीले, त्या दिवाळीले." त्यांनी मान वर केली. "मंग तू मागनंच सोडलं."

अंकुरला ओरडायचं होतं. आठवडाभर, खरं तर तिसरीपासून, त्याने त्यासाठीच दम साठवला होता. ओरडण्यासारखं पुष्कळ होतं आणि सगळं खरं होतं. पण बाहेर यायला निघालं ते रडू, आणि त्याचाही त्याला राग आला.

पुंडलिकराव उठले, चपला घालून काचांमधून चालत गेले आणि गाडी घेऊन आले. समोरचा दिवा फुटला होता, चाकं मात्र शाबूत होती. त्यांनी धोतराच्या सोग्याने तिच्यावरचा चुरा पुसला आणि सवयीने तिला ठेवायला जागा शोधली. शोकेसची चौकट तेवढी उभी होती.

"आता ठेवाची कोठं?" त्यांनी विचारलं.

"ठेवता कायले?" वैष्णवी झाडू आणायला जाता जाता म्हणाली.

पुंडलिकरावांनी वाकून गाडी अंगणात, अंकुरच्या पायाशी ठेवली. अंकुरने रिमोट वर उचलला.

"हात नको..." ते म्हणायला गेले. जिभेला तीच वाट पाठ होती. मग त्यांनी रिमोटकडे बोट केलं.

"डावं दाब," ते म्हणाले.

अंकुरचा राग अजून गेला नव्हता. तरी त्याने डावं दाबलं.