सहा हात आणि एक वीत

हिवरमाळच्या चर्चमध्ये दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे बायबल दिवस भरत, आणि त्या तीन दिवसांत तिकिटाशिवाय कुणालाही आत सोडलं जात नसे. तिकीट फुकट होतं, पुठ्ठ्याचं होतं आणि ते नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण हे दिवस गेली बावीस वर्षं सूर्यभान साळवे चालवत होते, आणि सूर्यभान साळवे हे एस.टी.चे निवृत्त कंडक्टर होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणे. मामा फाटकात स्टूल टाकून बसत, पोराच्या हातात तिकीट देत, चिमट्याने त्याला भोक पाडत आणि "पुढं सरका" म्हणत. पोरगं एकटंच असलं तरी म्हणत. कार्यक्रम सुरू करायचा तर चर्चची घंटा दोनदा वाजे, थांबवायचा तर एकदा.

गावात ख्रिस्ती घरं अठरा, पण मुलं जमत साठ-सत्तर. गोरक्षची संस्कृती यायची, रज्जाकभाईंची रुमाना यायची. गोष्ट कुणाच्या ग्रंथातली हे कुणी विचारत नसे. गोष्ट संपल्यावर बिस्किटाचा पुडा मिळतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

यंदा मात्र मामांच्या जिवाला घोर लागला होता. नवे पाळक सुशील उजागरे वयाने एकतीस वर्षांचे, स्वभावाने गोड आणि उत्साहाने फारच दांडगे होते. त्यांनी चर्चच्या पंचांच्या बैठकीत अगदी हळू आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून नगरहून एक टीम येईल. टीमकडे प्रोजेक्टर होता, कीबोर्ड होता आणि डोळे फिरवणारा नऊ फुटी बाहुला होता. "मामा, तुम्ही आता आराम करा," असं पाळक म्हणाले. हे वाक्य मामांनी एकदा डेपो मॅनेजरच्या तोंडून ऐकलं होतं. त्यानंतर गाडीत परत चढता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी एवढीच विनंती केली, की यंदाचा तिसरा दिवस बघा आणि मग काय ते ठरवा. पाळकांनी मान्य केलं. तिसऱ्या दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून बजरंगआप्पा येणार होते. आप्पांचं खताचं दुकान होतं आणि राजकारणात ते पंधरा वर्षं 'भावी' होते.

तिसरा दिवस दावीद आणि गल्याथाचा, म्हणजे मेंढरं राखणाऱ्या पोराने गोफणीचा एक गोटा कपाळात घालून राक्षसाएवढा योद्धा लोळवला त्या गोष्टीचा. नगरचा तो नऊ फुटी बाहुला मामांच्या मनाला लागला होता. त्यांनी शास्त्र उघडून बघितलं. गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत. मामांनी कोपरापासून बोटापर्यंत स्वतःचा हात अंगणात सहा वेळा टेकवला, वर एक वीत ठेवली आणि रेघ मारली. नऊ फूट भरले. आता एवढा उंच माणूस हिवरमाळमध्ये कुठून आणायचा, तर तो त्यांच्याच घरामागे कडब्यावर पालथा पडलेला होता.

तो म्हणजे जिल्ह्याचे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स. आमच्याकडे फ्लेक्सचं आयुष्य असंच असतं. पंधरा दिवस चौकात, आणि उरलेली दहा वर्षं कडब्यावर, कांद्यावर नाहीतर न्हाणीच्या भिंतीला. मामांच्या बायकोने, कडूबाईने, तो पांढरी बाजू वर करून टाकला होता. सुलटा टाकला तर पहाटे कडबा काढायला गेल्यावर साहेब हात जोडून बघत असत आणि तिला दचकायला होई.

मामांनी फ्लेक्स उन्हात धरला, पलीकडून साहेबांची आकृती दिसत होती तिच्यावरून कोळशाने रेघ ओढली आणि आत गेरूने चिलखत भरलं. जोडलेल्या हातांत भाला दिला. गॉगलच्या जागी लालभडक डोळे काढले. मग वरच्या कडेला बांबू बांधून, बांबूच्या मधोमध एक दोर घालून गल्याथाला चर्चमागच्या कडुलिंबाला टांगलं.

"दोन दोर बांधा," कडूबाई म्हणाली. "एका दोरावर गिरक्या घेईल त्यो."

"गल्याथ हाय त्यो, पाळना न्हाई," मामा म्हणाले, आणि विषय संपला.

गोफणीचा प्रश्न वेगळाच होता. नगरहून आलेल्या पुस्तिकेत लोकरीची गोफण आणि कागदाचे गोळे असं लिहिलं होतं. कडूबाईचं सगळं लहानपण ज्वारीच्या माळ्यावर पाखरं राखण्यात गेलेलं. तिने ती लोकरीची गोफण दोन बोटांत धरून बघितली, ह्यानं चिमणीसुद्धा उडायची नाही असं सांगितलं आणि दोन दिवसांत सुतळीच्या वीस खऱ्या गोफणी वळून दिल्या. मामांनी अट घातली की मारायचं ते मऊ ढेकूळ. त्यावर करण नावाच्या पाचवीतल्या मुलाने शंका काढली, की गोष्टीत तर ओढ्यातले गुळगुळीत गोटे आहेत, ढेकळाने गल्याथ मरेल का? मामा आयुष्यभर नियमाच्या पुस्तकावर चाललेले. लिहिलंय ते लिहिलंय. त्यांनी फक्कीची रेघ मारली, तिच्यापुढे पाय टाकायचा नाही असं बजावलं, फ्लेक्सच्या मागे बाजरी निघालेलं मोकळं रान आहे याची खात्री केली आणि गोटे मंजूर केले. ज्याचा गोटा कपाळावर लागेल त्याला एक पुडा जास्त. कपाळ म्हणजे कपाळ, गालाला पुडा नाही.

अकराला दहा मिनिटं असताना जीपचा हॉर्न वाजला. पाळक चर्चमध्ये माइकशी झटापट करत होते. मामांनी पोरं कडूबाईच्या हवाली केली आणि ते फाटकाकडे धावले.

एरवी आप्पांच्या गाडीतून आधी चार माणसं उतरत आणि मग आप्पा. आज आप्पा एकटेच उतरले. मामांच्या हे ध्यानात यायला हवं होतं, पण त्यांचा हात सवयीने पिशवीत गेला होता.

"आप्पा, तिकीट?"

आप्पा जागच्या जागी थांबले. दोनच दिवसांपूर्वी साहेबांनी जिल्हा परिषदेचं तिकीट, पंधरा वर्षं आप्पांना सांगून ठेवलेलं, आपल्या बहिणीच्या मुलाला दिलं होतं. गावात ही बातमी अजून यायची होती. मामांना ती त्यानंतर दहाच मिनिटांनी कळली, आणि ती दहा मिनिटं फार वाईट गेली.

"तुमास्नी कुनी सांगितलं?" आप्पांनी खालच्या आवाजात विचारलं.

"सांगायचं काय त्यात. नेमच हाय. इथं तिकिटाबिगर कुनालाच आत न्हाई."

"आन् मला मिळंल?"

"मिळंल की. न मिळायला काय झालं?" मामांनी पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि तिकीट पुढे केलं. आप्पांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात जपून ठेवलं. मामा सवयीने "पुढं सरका" म्हणाले. आप्पा मुकाट्याने पुढे सरकले.

चर्चला वळसा घालून जाताना चर्चमागून थाड असा आवाज आला आणि पोरांनी गलका केला. मामांची छाती फुगली. पोरांना गोष्ट कशी आत्मसात झाली आहे हे ते पाहुण्यांना समजावत असतानाच दोघे कोपऱ्यावरून वळले.

मधल्या वेळात वाऱ्याने आपलं काम केलं होतं. एका दोरावरचा बांबू सावकाश अर्धी गिरकी घेऊन थांबला होता. गल्याथ आता बाजरीच्या रानाकडे बघत होता आणि पोरांकडे तोंड करून साहेब उभे होते. नऊ फूट उंच, गॉगल घातलेले, पायांशी अकरा शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची पट्टी. साहेबांच्या कपाळाला सात भोकं पडली होती आणि गॉगलची एक काच पार गेली होती. हात जोडलेलेच असल्यामुळे ते गयावया करत आहेत असं दिसत होतं.

 पंचायत समितीपासून पोलीस चौकीपर्यंत सगळे रस्ते मामांच्या डोळ्यांपुढून गेले, आणि सगळ्यांच्या शेवटी नगरची टीम कीबोर्ड घेऊन उभी होती. आपण आता या फाटकात पुन्हा बसत नाही, हे त्यांना कळून चुकलं, आणि त्यांना खरोखरच रडू आलं.

"ह्ये काय चालवलंय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"गल्याथ वळला, मामा," करण म्हणाला. "आमी आज्जीला इचारलं, आता कुटं मारायचं? आज्जी म्हनली, कपाळावर."

"मला लांबचं दिसत न्हाई," कडूबाई खुर्चीवरून म्हणाली. "दोन दोर बांधा म्हनलं हुतं."

आप्पा एकटेच फ्लेक्सजवळ गेले. त्यांनी साहेबांकडे बराच वेळ बघितलं, मग वाकून पट्टी बघितली. मामा मागोमाग गेले.

"आप्पा, ह्यो गल्याथ हाय," ते म्हणाले. "म्हंजे, मागल्या अंगाला हाय."

"ह्या बी अंगाला हाय," आप्पा म्हणाले. "पट्टीत मी हाय का?"

"हाय की. उजवीकडचे शेवटचे. अकरावे." मामांनी बोट ठेवून दाखवलं. "तुमाला एक बी गोटा लागला न्हाई, आप्पा."

"पंधरा वर्सं शुभेच्छुक हाय मी," आप्पा म्हणाले. "दर साली एक घर मागं सरकतोय. परवा तिकीट भाच्याला दिलं. मला फोन बी न्हाई. आज तुमी फाटकात दिलं, तेवढं एकच तिकीट मला ह्या जन्मात मिळालं."

 कंडक्टरला प्रवाशाची तक्रार ऐकायची सवय असते, पण ती सुट्या पैशांची. आप्पांनी चर्चच्या दाराकडे नजर टाकली. आतून पाळकांचं "हॅलो, हॅलो, चेक" ऐकू येत होतं.

"मामा," आप्पा हळूच म्हणाले, "एक गोटा मला बी द्या."

फक्कीच्या रेघेमागे साठ पोरं सरकून उभी राहिली. आप्पांनी गोफणीत गोटा घातला. लहानपणी त्यांनीही पाखरं राखली होती. त्यांनी डोक्याभोवती एक फेरा घेतला, दोन घेतले, तिसऱ्याला दात-ओठ खाल्ले आणि पंधरा वर्षांचा सगळा राग लावून गोफण सोडली. गोटा साहेबांना सोडून खाली आला आणि पट्टीतल्या उजवीकडच्या शेवटच्या चेहऱ्यातून आरपार गेला.



"कपाळावरच लागला," रुमाना म्हणाली.

"पर ते कपाळ लई बारकं हाय," संस्कृतीने हरकत घेतली. यावर पोरांत थोडी चर्चा झाली. कपाळ केवढं असावं हे नियमात नव्हतं. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी उभ्या आयुष्यात नियम मोडला नव्हता. ते गेले, बिस्किटाचा एक पुडा घेऊन आले आणि आप्पांच्या हातात ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून पाळक माइक घेऊन बाहेर आले. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि बांबूने पुन्हा सावकाश अर्धी गिरकी घेतली. पाळकांना दिसला तो भाला घेतलेला, लाल डोळ्यांचा, सहा हात एक वीत उंचीचा गल्याथ. त्याच्या कपाळाला सात भोकं होती.

"अरे वा," पाळक म्हणाले. "बरोबर कपाळावर. आणि हे पायाला एक कुणी मारलं?"

"त्यो माझा," आप्पा म्हणाले, आणि पुडा सदऱ्याच्या खिशात तिकिटाशेजारी ठेवला.

आप्पांचं भाषण छोटं झालं. आजच्या काळात माणसाला कुणी तिकीट देत नाही, मामा मात्र जात, धर्म, वय न बघता सगळ्यांना देतात, आणि हा कार्यक्रम मामा आहेत तोवर त्यांच्याच हातात राहिला पाहिजे, असं ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी मामांकडे बघितलं. "हा मानूस पोटात ठेवनारा हाय," असंही म्हणाले. पाळकांना शेवटच्या वाक्याचा संबंध लागला नाही, पण आप्पांचे डोळे पाणावलेले बघून त्यांचेही पाणावले. नगरच्या टीमचा विषय तिथेच मिटला. मामांनी घंटा एकदा वाजवली.

संध्याकाळी खुर्च्या उचलताना पाळकांनी विचारलं, "मामा, आप्पांना एवढं गहिवरून कशामुळे आलं?"

"त्यास्नी गोष्ट पटली," मामा म्हणाले.

महिन्याभरात आप्पा समोरच्या पार्टीत गेले आणि त्यांना तिकीट मिळालं. चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यात आता साहेब नव्हते, स्वतः आप्पाच होते, पायापासून डोक्यापर्यंत, हात जोडून. पायांशी चौदा शुभेच्छुक. पंधरा दिवसांनी आप्पांचा ड्रायव्हर तो फ्लेक्स घडी करून मामांच्या घरी घेऊन आला. तुमचा जुना आमच्यामुळं भोकाळला, आप्पांनी कडब्यावर टाकायला हा पाठवलाय, असा निरोप होता.

कडूबाईने नेहमीप्रमाणे पांढरी बाजू वर करून तो कडब्यावर पसरला आणि चार कडांना दगड ठेवले. मामा बाहेर आले. त्यांनी रस्त्यावर कुणी नाही ना हे बघितलं, कडब्याजवळ गेले आणि कोपरापासून बोटापर्यंतचा हात त्या पांढऱ्या फ्लेक्सवर एकापुढे एक टेकवत गेले. सहा हात झाले, वर वीत ठेवली आणि कड बरोबर आली. 

"पुढल्या साली," ते कडूबाईला म्हणाले, "दोन दोर बांधू."