ढगोबाच्या गारव्याची चोख व्यवस्था

उन्हाळा सर्वांना समान असतो, परंतु तो सोसण्याचे काम मात्र हुद्द्याप्रमाणे वाटून दिलेले असते. हे सत्य ज्यास उमगले त्यास संस्था चालविता येते. ज्यास उमगले नाही, तो त्या संस्थेत पत्र्याखाली बसतो.

आमची संस्था म्हणजे मेणबत्त्यांचे गोदाम. मी तेथील मुकादम आहे. वर पत्रा, खाली फरशी व मध्ये आम्ही, अशी एकंदर रचना आहे. पत्र्याखाली एक पंखा असून तो गरम हवा कोणा एकाच्याच वाट्यास न ठेवता सर्वांस सारखी वाटतो (पक्षपाताची तक्रार आजवर आलेली नाही). गोदामाच्या टोकास मात्र एक बंद खोली आहे. तेथे थंड हवेचे यंत्र अखंड चालते, कारण तेथे मेणबत्त्या राहतात. मेणबत्ती उन्हाने वाकते, आणि वाकलेली मेणबत्ती कोणी घेत नाही. माणसाचे तसे नाही. वाकलेला माणूस कोणतीही संस्था आनंदाने ठेवून घेते. म्हणून मेणखोलीत मनुष्यमात्रास थांबण्याची मनाई होती. माल आत ठेवावा आणि श्वास बाहेर येऊन सोडावा, असा दंडक होता.

फाटकावर पहारा करणारा ढगोबा हा आमचा कुत्रा. राखाडी, दाट, झुबकेदार केसांचा. लांबून पाहिल्यास कोणी गादी उसवून ठेवली आहे असा भास व्हावा. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो फाटकापाशी कोसळला. रखवालदारकाकांनी त्याच्यावर पाणी ओतले व मालाच्या हातगाडीवर घालून त्यास जनावरांच्या डॉक्टरांकडे पळविले. (हातगाडी बाहेर नेण्यास मुकादमाची परवानगी लागते. ती त्यांनी घेतली नव्हती. मी ती नंतर मोठ्या मनाने दिली.) डॉक्टर म्हणाले, "केस जाड, त्यात वय उतरणीला. यंदा वाचला. पुन्हा असा पडला तर उठेलच असं नाही."

म्हणून या वर्षी ऊन तापू लागताच मालकीणबाई जातीने आल्या आणि त्यांनी आज्ञा केली, "दुपारभर ढगोबाला मेणखोलीत ठेवायचं. आणि एकटा सोडू नका बरं का, सोबत कुणीतरी असू द्या."

या आज्ञेसरशी आमच्या गोदामात श्वानप्रेमाचा उदय झाला.

पहिला उदय हिशेबनिसांच्या ठायी झाला. हे गृहस्थ आजवर ढगोबा दिसताच दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन हिशेब करीत. तेच आता सद्गदित होऊन म्हणाले, "मुकं जनावर हो. त्याचं कोण आहे आपल्याशिवाय?" त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होते (ते कपाळावरून आले होते). पॅकिंगच्या ताई म्हणाल्या, "मी बसते की. त्याला माझ्या आवाजाची सवय आहे."

"कधी बोललात तुम्ही त्याच्याशी?" रखवालदारकाकांनी विचारले.

"मनातल्या मनात बोलते. त्याला कळतं."

शास्त्रशुद्ध पाहणी करता असे आढळले, की उन्हाळ्यापूर्वी गोदामातील श्वानप्रेमी एकच होते, ते म्हणजे रखवालदारकाका. आठवडाभराने सर्व कर्मचारी श्वानप्रेमी झाले. टक्केवारी काढली असता ती शंभराच्याही वर गेली, कारण माल उतरवून निघून जाणे हेच ज्याचे कर्तव्य, तो टेम्पोचालकही त्यात धरावा लागला. रखवालदारकाकांचे प्रेम मात्र जागेअभावी बाहेर राहिले. ढगोबा आत आल्याने फाटक उघडे पडले होते, आणि कुत्र्याच्या वाटचे उभे राहण्यासही कोणीतरी हवेच होते.

एवढ्या माणसांनी आत नुसते बसणे नियमास धरून नव्हते. म्हणून प्रत्येकास जबाबदारी देण्यात आली. हिशेबनीस जिव्हानिरीक्षक झाले. कुत्रा जिभेवाटे उष्णता टाकतो असे शास्त्र आहे, तेव्हा जीभ किती बाहेर आहे यावर त्यांनी डोळा ठेवावा, असे ठरले (एक डोळा ठेवत, दुसरा मिटलेला असे. पुढे पुढे दोन्ही). टेम्पोचालक पंजारक्षक झाला. तापलेल्या जमिनीने कुत्र्याचे पंजे भाजतात, म्हणून ढगोबाने पाऊल टाकण्यापूर्वी तेथे आपला तळहात ठेवून पाहणे हे त्याचे काम. मेणखोलीची फरशी बर्फासारखी असल्याने एका तळहाताने नीट अंदाज येत नसे, म्हणून तो पूर्ण आडवा होऊन पाही. ताईंकडे ढगोबाचे मनोधैर्य होते. ओल्या फडक्याचा विभाग वेगळा, पाण्याच्या भांड्याचा वेगळा. माझ्याकडे सर्वसाधारण देखरेख होती. शेवटी मालकीणबाईंचे भाचे, जे आमचे व्यवस्थापकही आहेत, ते आपली खुर्ची, मेज आणि उशी घेऊन आले. म्हणाले, "एवढं मोठं काम चाललंय आणि वरून कुणाचं लक्ष नाही, हे बरं दिसत नाही."

काही दिवस संस्था अशी चालली की वर्णन करू जाता लेखणी थिटी पडावी. "जीभ?" असे व्यवस्थापक विचारीत. "अर्धी," असे निरीक्षक सांगत. "अर्धी म्हणजे त्याच्या मापानं की आपल्या?" असा मार्मिक प्रश्न ताई काढीत, आणि त्या चर्चेत दुपार सरे. ढगोबा मधोमध बसून एकेकाच्या तोंडाकडे पाही. त्यास पाय पसरण्यास जागा नव्हती, परंतु त्याच्यासाठी झटणारे इतके जवळ असणे हे भाग्य किती कुत्र्यांस लाभते?

आणि एके दिवशी मेणबत्त्या वाकल्या.

प्रथम उंच मेणबत्त्यांनी माना खाली घातल्या. मग मधल्या फळीवरील मेणबत्त्या एकमेकींच्या खांद्यावर रेलल्या. यंत्र घरघरत होते, भिंतींना घाम आला होता, आणि ढगोबाची जीभ निरीक्षकांच्या सर्व मोजमापांपलीकडे बाहेर येऊन थरथरत होती. तो धापा टाकीत होता. तातडीने सभा घेण्यात आली (सर्वजण तेथेच असल्याने बोलाविण्याचा त्रास पडला नाही).

खोलीत उष्णता वाढली आहे, यावर एकमत झाले. ती जिवंत शरीरांतून येते, यावरही झाले. कोणाच्या शरीरातून, येथे मात्र विचारमंथन आवश्यक ठरले.

"माझं अंग मुळातच थंड," हिशेबनीस म्हणाले. "आमची ही हिवाळ्यात मला हात लावू देत नाही."

"मी तर श्वासही बेतानं घेते," ताई म्हणाल्या.

टेम्पोचालक फरशीवरूनच म्हणाला, "मी आडवा आहे. उष्णता उभ्या माणसाची जास्त."

उभे कोणीच नव्हते. तेव्हा व्यवस्थापकांनी डोळे मिटून प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. "मला सांगा, या खोलीत सर्वांत जाड केस कुणाला आहेत?"

सर्वांच्या नजरा ढगोबाकडे वळल्या. मलाही तो सिद्धान्त तत्काळ पटला. ज्याचे केस जाड त्याचे अंग तापलेले, ज्याचे अंग तापलेले तो खोली तापविणारा, आणि खोली तापली तर कुत्र्यांच्या सुरक्षिततेची एकमेव जागा नष्ट होणार. सबब ढगोबाच्या हितार्थ ढगोबास काही काळ बाहेर ठेवावे, असा ठराव झाला. विरोधात कोणी नव्हते. त्यास पाण्याचे भांडे सोबत देण्यात आले. ओले फडके तेवढे देता आले नाही, कारण ते हिशेबनिसांच्या डोक्यावर होते.

फाटकावरून हे पाहून रखवालदारकाका धावत आले. "अहो, खोली त्याच्यासाठी आहे ना?"

"म्हणून तर जिवापाड जपतोय, काका," व्यवस्थापक म्हणाले. "दार लावा. गारवा जातोय."

दार लागले. काकांना आम्ही फाटकाची आठवण करून दिली. ते मागे पाहत पाहत गेले. मग दारावर ओरखडे सुरू झाले. पंजारक्षकाने कान देऊन सांगितले, की पंजे उत्तम अवस्थेत आहेत. ओरखडे थोड्या वेळाने मंदावले, तेव्हा ताई म्हणाल्या, "मनोधैर्य आलं बघा. आता रडत नाही." मग ते पूर्ण थांबले. व्यवस्था यशस्वी झाल्याचे समाधान सर्वांच्या मुखावर पसरले, आणि आम्ही कुशी बदलल्या.

जाग आली ती मालकीणबाईंच्या आवाजाने. त्या दारात उभ्या होत्या.

"ढगोबा कुठाय?"

"सुरक्षित आहे, आत्या," भाचे उशीवरून म्हणाले.

"कुठे?"

प्रत्येक विभागाने शेजारच्या विभागाकडे पाहिले. पाण्याचे भांडे दारापाशी उलटे पडले होते. मालकीणबाईंचा चेहरा मेणबत्तीसारखा झाला. "काका!" अशी एकच हाक मारून त्या उन्हात धावत सुटल्या, आणि त्यांच्या मागे आम्हीही गेलो (दार मी लावून घेतले).

काका गोदामाच्या मागे होते. फाटक वाऱ्यावर सोडून ते गळक्या टाकीखाली चिखलात उकिडवे बसले होते. त्यांच्या पुढ्यात एक खड्डा होता, आणि खड्ड्यात गळ्यापर्यंत बुडालेला, ओल्या मातीने लिंपलेला ढगोबा गाढ झोपला होता. खड्डा त्याने आपल्या पायांनी उकरला होता. टाकीतून एकेक थेंब त्याच्या डोक्यावर पडत होता. जीभ आत होती. निरीक्षकांनी तशी तोंडी नोंद घेतली.

मालकीणबाई तेथेच चिखलात बसल्या व त्यांनी त्याच्या चिखलाळ कानाला हात लावला. त्याने एक डोळा उघडला, आम्हा सर्वांस पाहिले आणि पुन्हा मिटला. त्याच दिवशी त्यांनी आम्हां सर्वांस मेणखोलीबाहेर काढले. मेणखोली मेणबत्त्यांस परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिव्हानिरीक्षक, पंजारक्षक, मनोधैर्य, मी व व्यवस्थापक आपापल्या चटया घेऊन टाकीखाली रुजू झालो. ढगोबा उठला, अंग झाडले (चिखल पदानुसार न पडता सर्वांवर सारखा पडला) आणि निघून गेला. तेव्हापासून तो रोज नवी गार जागा शोधतो व आम्ही ती रोज ताब्यात घेतो. जागा शोधण्यात तो अत्यंत निष्णात आहे. संस्थेचे त्याच्यावाचून एक दिवस चालणार नाही.

हा वृत्तान्त मी अनेकांस सांगितला. दारावर ओरखडे पडत होते तेथे सर्व जण पोट धरून हसतात. आपणही हसला असाल. आमचे सोडा, आम्ही गारव्यासाठी पडून राहिलो होतो. आपण कशासाठी बसून राहिलात?