नाना आधी पाणी पिऊन यायचे

चि. ईरा आणि चि. चिन्मय,

परवा फोनवर ईराने विचारलं, "आजी, तुझ्या पहिल्या मुलाखतीत तुला काय काय विचारलं?" काहीच नाही, असं मी म्हणाले आणि तुम्ही दोघं हसलात. पण ते खरं आहे. मला कोणी काही विचारलं नाही. मला नोकरी देणाऱ्या शेठना मात्र विचारलं. विचारणारे होते नाना गद्रे. ईराच्या मुलाखतीआधी ते तुम्हाला माहीत असलेले बरे, म्हणून आजच लिहायला बसले आहे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नाना अलिबागला आमच्या शेजारी राहत आणि सरकारच्या नोकरी-कचेरीत अधिकारी होते. कारखानदाराने रिकामी जागा कळवायची, कचेरीने उमेदवारांची नावं पाठवायची, एवढंच तिथलं काम. पण ज्या ठिकाणचं पाणी प्यायले नाहीत, तिथे नाना माणूस पाठवत नसत. "आधी पाणी पिऊन येतो," म्हणायचे आणि छत्री उचलून एस.टी. पकडायचे. तेही मालकाने पुढे केलेल्या पेल्यातलं नव्हे, कामगारांच्या माठातलं. आमच्या आळीत यावरून कुजबुज होई. नानांना एका कानाने कमी ऐकू येत असे, आणि तो कान ते आळीकडे ठेवत.

रिकाम्या जागेला ते 'स्थळ' म्हणत. उमेदवार म्हणजे मुलगी, मालक म्हणजे वरपक्ष. एका भातगिरणीवाल्याला त्यांनी विचारलं होतं, "आधीचा माणूस का गेला? घरात भांडण होतं का?" लाँचच्या कचेरीत तिकीटबाबूच्या स्टुलावर ते दुपारभर बसून राहिले आणि निघताना स्टूल बदला म्हणून सांगून आले. माणूस कामाला लागला की महिन्याभराने पुन्हा जात. "नांदतोय ना नीट?"

माझे वडील गेले तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. नोकरी मिळाली नसती तर आईला आणि मला पालीला मामांकडे जाऊन राहावं लागलं असतं. मामी प्रेमळ होती, पण तिच्याकडे आधीच दोन पंगती बसत. तेवढ्यात रेवदंड्याच्या चुनीलालशेठच्या बर्फाच्या कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहाराची जागा निघाली. "स्थळ बरं दिसतंय," नाना आईला म्हणाले, "पण पाणी बघू." आणि मलाही बरोबर घेतलं.

शेठनी आमच्यासाठी लेमनच्या बाटल्या मागवल्या. नाना नको म्हणाले आणि सरळ मागच्या अंगणात गेले. माठ भर उन्हात होता. शेजारी हिराजी कोळी बर्फाच्या लाद्यांवर भुसा टाकत होता. नानांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि शेठ कसा आहे ते विचारलं.

"शेठ बरा हाय," हिराजी म्हणाला. "शिव्या देत न्हाय, पगार टायमाला. पन बर्फ मासळीला नि आमाला ऊन पानी."

"आणि ही मुलगी कुठे बसणार?"

त्याने बोट दाखवलं. यंत्राच्या खोलीला लागून एक अंधारा कोपरा, आणि तिथे अमोनियाचा असा वास, की डोळे चुरचुरावेत. नाना जाऊन बसले. टेबल डुगडुगत होतं. बराच वेळ बसले, रुमालाने डोळे पुसत बाहेर आले आणि शेठना दोन अटी सांगितल्या. माठ सावलीत हवा, आणि टेबल खाडीकडच्या पडवीत.

शेठ भडकले. "नानासाहेब, मी कारकून मागितला, सोयरीक नाही. त्यात तुम्ही बाईमाणूस आणलंत."

"शेठ, नवराबायको तरी दिवसभर समोरासमोर कुठे असतात? तुम्ही दोघं असणार."

"मग राहू द्या."

"राहू द्या," म्हणत नानांनी छत्री उचलली. मामीकडची दुसरी पंगत डोळ्यांपुढे दिसू लागली. वास चालेल, ऊन पाणीही चालेल, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर नानांनी बिनकामाचा कान माझ्याकडे केला.

दारापर्यंत पोचतो तोच मागे काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. हिराजी आणि त्याचा जोडीदार ते टेबल ओढत पडवीत आणत होते. माठ केव्हाच आंब्याखाली गेला होता.

"शेठ, पोरगी आत बसली तं रडत रडत इंग्लिश लिवील," हिराजी म्हणाला. "गिऱ्हाईक समजंल, इथं कोन मेलंय का काय."

शेठना हसू आवरेना. सोमवारपासून या, असं त्यांनी मला सांगितलं. डुगडुगत्या पायाखाली हिराजीने जुन्या होडीच्या फळीचा एक तुकडा सरकवला.

महिन्याने नाना आले. माठातलं पाणी प्यायले आणि माझ्यासमोर बसले.

"नांदतेस ना?"

"हो नाना. छान वारा येतो इथे."

ते खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कुसुमचं घर बघायला मी गेलो नव्हतो. लांब होतं. माणसं चांगली आहेत, असं सगळेच म्हणाले."

कुसुम त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर वर्षभरातच ती सासरी वारली, एवढंच आळीला ठाऊक होतं. मी उठून त्यांना आणखी एक पेला पाणी दिलं. ते सावकाश प्यायले.

"गार आहे हो," म्हणाले, आणि छत्री घेऊन एस.टी.कडे निघाले.

आई आणि मी पालीला गेलो ते फक्त बल्लाळेश्वराच्या दर्शनाला. आता नाना नाहीत, बर्फाचा कारखानाही नाही. टेबल रेवदंड्याला हिराजीच्या नातवाकडे आहे. टेबलाच्या पायाखाली होडीच्या फळीचा तो तुकडा अजून आहे.