तळ्याच्या बांधातील अस्थी कोणाच्या, याचा मजकूर

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्या मायबाईंचे डोळे उंबऱ्यास खिळले आहेत त्या सर्वांस वंदन करोन लिहिणे ऐसे की, शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात हे वर्तमान घडले. राज्याचे नाव लिहीत नाही; ज्यास आपले वाटेल त्याणे आपले म्हणावे, आम्हांस तंट्यात ओढू नये. त्या राज्यी घरोघर एक चित्रपेटी होती, आणि दिवेलागणीस सकळ रयत तीपुढे मांडी घालोन बैसे, आणि पेटीत एक शोधसरदार प्रकट होत. काळा चष्मा, काळा अंगरखा, आणि केस ऐसे की विस्कटावयाची वाऱ्याचीही छाती नाही. मुडदा पडला की सरदारांची स्वारी मोटारीतून उतरे आणि हातमोजे न घालिता जमिनीवरचा केस उचली, आणि मग निळा दिवा फिरवी, आणि मग यंत्रात काहीबाही घाली, तोच यंत्र टुणकन वाजे आणि खुन्याचे नाव, गाव, तसबीर हजर! रयतेची भाकर ताटात असताच खुनी बेड्यांत. सरदारच पंचनामा करीत, सरदारच मुडदा चिरीत, सरदारच खुन्याचे मुस्काट फोडीत. न्यायाधीशाचे काम तेवढे उरले होते, तेही एखादे दिवशी उरकतील. आम्ही म्हणतो, करा बापहो, पेटी तुमची, सरदार तुमचे. परंतु लोक ते खरे मानू लागले, तेथे घोटाळा जाहला.

त्याच राज्यात नदीकाठच्या एका मौज्यात इठाबाई चौगुले नामे बाई राहात होती. नवरा वारला, तेव्हा दळणाची गिरणी चालवोन तिणे एकुलता पुत्र चांगदेव वाढविला. पुत्र शरीराने किरकोळ, स्वभावाने गोड, आणि त्यास त्या शोधसरदाराचा भारी नाद. मोठा जाहला तेव्हा पोलीसभरतीस उभा राहिला, आणि धावण्यात मागे पडला, आणि तोंड उतरोन घरी आला, आणि पेटीपुढे बैसला. नेमका त्याच समयी गिरणीचा पट्टा तुटला होता, आणि दळणाचे डबे दारात साचले होते, आणि बाया खोळंबोन कटकट करीत होत्या, आणि इठाबाई पिठाने माखलेली, कावलेली. ती बोलोन गेली, "ऊठ की आता! टीव्ही बघून कुनी फौजदार झालाय का? पायात दम न्हाई आन् निघालाय चोर धराया!" पुत्र उठला. पेटी बंद केली, चपला घातल्या आणि गेला. बाईस वाटले, पारावर जाऊन बैसेल, भूक लागली की येईल. तो आला नाही. ठाण्यात वर्दी दिली, सोयऱ्याधायऱ्यांकडे शोध केला, देवाधर्मास नवस केले, वर्षांमागे वर्षे गेली, परंतु चांगदेवाचा ठाव लागेना. मग जी बाई त्या पेटीस शिव्या घाली तीच रोज दिवेलागणीस गिरणी थांबवोन पेटीपुढे बैसू लागली. शेजारणी हसत. ती म्हणे, "त्याला आवडायचं. कुठं आसंल तिथं तोबी ह्याच येळंला बघत आसंल." ऐसे पाहता पाहता तिचा त्या शोधसरदारावर पक्का विश्वास बैसला. आम्ही तीस दोष देत नाही. आशेस कोठेतरी पाय टेकावयास जागा लागते.

पुढे त्या मार्गशीर्षात मौज्याच्या तळ्याचा बांध दुरुस्तीस काढिला, आणि लोखंडी दातांचे खोदयंत्र आणिले, आणि त्याचे पंज्यात मातीसमवेत माणसाच्या अस्थी आल्या. गाव गोळा जाहले. आता पाहा, या लोकांचे हृदय लोण्याचे आणि अक्कल उतावळी! तात्या गुरव म्हणोन गावात मान्य गृहस्थ होते, ते गहिवरोन बोलिले, "कुनाचा तरी लेक हाये बाबांनो. इतकी वर्सं मातीत बेवारशी पडला. आता तरी नीट करू." सर्वांस पटले. मग बायांनी घरोघरीचे दूध आणिले, गोमूत्र आणिले, आणि अस्थी स्वच्छ धुतल्या, हळद लाविली, आणि कोऱ्या धडप्यात बांधोन चालीप्रमाणे बाभळीस टांगिल्या. तात्यांस तेवढ्याने समाधान होईना. त्यांणी ओंजळभर अस्थी वेगळ्या घेवोन नदीस नेल्या आणि हात जोडोन प्रवाहात सोडिल्या. इतके सर्व यथासांग जाहले, मग एकास आठवले की ठाण्यात कळवावे लागते. कळविले. आणि आता सरकारी पाहुणे येणार, पेटीवाले सरदारही कदाचित येतील, म्हणोन बायांनी ती जागा झाडोन काढिली, वरी शेणसडा घातला आणि रांगोळी रेखिली! आम्ही हे लिहितो तेव्हा कपाळास हात जातो, आणि त्याच हाताने डोळेही पुसावे लागतात.

सरदार आले नाहीत. आल्या त्या अस्थिपरीक्षा खात्याच्या अंमलदार वैजयंताबाई ढमढेरे. जीप गावाच्या अलीकडे बंद पडली, ती शिपायांनी ढकलीत आणिली. बाईंच्या पायात रबरी बूट, डोक्यास रुमाल, गुडघ्यास पट्टा. त्यांणी सडा पाहिला, रांगोळी पाहिली, बाभळीचे गाठोडे पाहिले. मग विचारिले, "धुतलं कुणी हे?"

"समद्यांनीच, बाईसाहेब," तात्या अभिमानाने बोलिले. "दुधानं. काई कमी ठिवलं न्हाई."

बाईसाहेब रागे भराव्या तर समोर इतकी भोळी मुद्रा. त्यांणी फक्त म्हटले, "अहो काका, त्या मातीत, हाडं जशी पडली त्या पडण्यात सगळं लिहिलेलं असतं हो. तुम्ही पुसून टाकलंत." आणि मग त्या गुडघे टेकोन बैसल्या आणि दोऱ्या ताणोन चौकोन पाडिले, आणि खुरप्याने पातळ पातळ माती उकरोन चाळणीतून गाळू लागल्या, आणि प्रत्येक बारीक तुकड्याचे चित्र काढोन तो कागदी पुडीत घालोन वरी लाखेची मोहोर करू लागल्या. दिवस कलला तरी तेच. लोक कंटाळले. एक आजी म्हणे, "हिचा चष्मा कुठाय?" दुसरी म्हणे, "निळा दिवा तर काढंना अजून." कवटीस फट होती, लोक म्हणाले, घाव घातला, खून जाहला, नाव सांगा! बाईंनी गाठोड्यातून कवटी काढोन फटीची कड न्याहाळिली, ती आतून पांढरी कोरी, म्हणोन बोलिल्या, "ही ताजी आहे. यंत्राचा दात लागलाय. पण बांधात माणूस आपणहून पुरला जात नाही, म्हणजे काहीतरी झालंय. काय, ते मला माहीत नाही." माहीत नाही! पेटीतील सरदारांचे मुखी हे दोन शब्द कोणी कधी ऐकिले? अर्धे गाव तेथेच पांगले.

इठाबाई पांगली नाही. ती पीठभरल्या लुगड्यानिशी धावत आली होती आणि दोरीबाहेर उभी होती. ती बोलिली, "बाईसाहेब, माझा चांग्या हाये का ह्यो? ल्हानपनी चिंचंवरनं पडला हुता. डावा हात मोडला हुता, हाडवैद्यानं वाकडाच बशिवला. तेवढा डावा हात बघा." वैजयंताबाईंनी गाठोडे सोडोन सर्व अस्थी धडप्यावर मांडिल्या. उजवा हात होता. डावा नव्हता. तात्या गुरवांचे तोंड काळेठिक्कर पडले. डावा हात नदीने नेला होता. पाणबुडे उतरविले, जाळी लाविली, काही हाती लागले नाही. तेव्हा बाईसाहेब बोलिल्या, "मावशी, आता एकच वाट आहे. तुमचं रक्त घेते. आईकडून लेकरात जे उतरतं ते हाडातही राहतं. दोन्ही ताडून बघायचं."

"मंग आज कळंल?" इठाबाईने विचारिले. "टीव्हीत लगीच कळतंय."

"आज नाही, मावशी."

"उद्या?"

वैजयंताबाईंनी तिचा हात हाती घेतला आणि सुईने रक्त काढोन घेतले.

आता त्या खात्याची कथा ऐकावी. खाते म्हणजे चुना उडालेली एक इमारत, आणि साऱ्या राज्याचे रक्त, केस, हाडे तेथे येवोन रांगेत पडलेली. ज्याची कोर्टात तारीख लागली त्याचे आधी, आणि बेवारशी हाडांचे सर्वांमागे. यंत्र एकच, आणि वीज गेली की तेही मुके. हाड दळोन भुकटी करावी, भुकटीतील ते आईकडोन उतरलेले बीज वेगळे काढावे, आणि इतके करोन बीज निघालेच पाहिजे ऐसा नेम नाही. पहिल्या खेपेस निघाले नाही. ऊन, पाणी, माती यांणी खाल्ले, आणि उरलेसुरले गावकऱ्यांच्या दूधगोमूत्राने बाटविले. मग दाढेच्या आतील बीज घ्यावे ऐसे ठरले, तोच लागणारे औषध संपले, आणि ते येईतो उन्हाळा लोटला, पावसाळा लोटला. आणि गुरुवारी मौज्याची वीज बंद असे, गिरणी थांबे, म्हणोन इठाबाई दर गुरुवारी एस.टी.ने खात्यात येई आणि जिन्याखाली बाकावर बैसे. आधी शिपाई हाकलीत, पुढे तेच पाणी देऊ लागले. वैजयंताबाई कामातून उठोन येत आणि म्हणत, "नाही आलं अजून, मावशी." आणि इठाबाई म्हणे, "आसू दे. बसते जरा." आणि मग चांगदेवाच्या गोष्टी सांगे. तो ताकाच्या कढीवर कैसा तुटोन पडे, मांजरीस कैसा डब्यातील भाकर चारी, भरतीआधी पहाटे उठोन माळावर कैसा धावे आणि परत येवोन म्हणे, आई, आज दम लागला नाही बघ. एके गुरुवारी ती बोलिली, "पोरी, खरं सांगू? येताना म्हनते, त्योच निघू दे, म्हंजी येकदाचं रडून मोकळी हुईन. आन् जाताना म्हनते, देवा, त्यो नगं निघू दे. माझ्यासारकी वंगाळ आई दुसरी नसंल." वैजयंताबाई बोलिल्या, "वंगाळ कसली, मावशी. मीही तसंच म्हणते रोज." आणि ते खरे होते. बाईसाहेबांनी कितीएक हाडे पाहिली, परंतु याच अस्थींवर त्यांचा जीव जडला. घरी दिवेलागणीस पेटीवर शोधसरदार दिसले की त्या पेटी बंद करीत नसत. एकटक पाहात, आणि यंत्र टुणकन वाजे तेव्हा त्यांचे डोळे भरत. मनात म्हणत, एकदाच, एकदाच मला ऐसे करिता यावे, त्या मावशीपुढे उभे राहोन एका दमात सांगता यावे. काय ती ओढ सांगावी! ज्याचे हाती शोध त्यासच शोधाची तहान अधिक.

अखेर निकाल आला. पुनः मार्गशीर्ष लागला होता, आणि गुरुवारच होता. बाईसाहेबांनी कागद वाचिला, पुनः वाचिला, यंत्रावरील माणसास विचारोन खातरी केली, मग जिना उतरल्या. इठाबाईने त्यांचे मुख पाहोन ओळखिले आणि उभी राहिली. "सांग, पोरी."

"तो चांगदेव नाही, मावशी."

इठाबाईने आधी आकाशाकडे हात जोडिले. मग विचारिले, "म्हंजी जित्ता हाये माझा?"

येथे पेटीतील सरदार असते तर बेधडक होय म्हणाले असते आणि मागे सनई वाजली असती. वैजयंताबाईंचे ओठी होय आले. ते आले, आणि त्यांणी ते गिळिले. बोलिल्या, "ते मला माहीत नाही, मावशी. हा तो नाही, एवढंच मला ठाऊक आहे."

मग इठाबाई बाकावर बैसली आणि हमसोन हमसोन रडू लागली, आणि बाईसाहेब तिजपाशी बैसल्या, आणि त्याही रडल्या, आणि शिपाई जिन्यावर तसाच उभा राहिला. पुष्कळ वेळाने इठाबाईने पदराने तोंड पुसिले आणि म्हटले, "येकदा बघू दे त्याला." बाईसाहेबांनी नेम मोडोन तीस आत नेले. पुठ्ठ्याच्या खोक्यात अस्थी निजविल्या होत्या. इठाबाईने हात लाविला नाही, दुरोनच पाहिले. बोलिली, "वरीसभर मी ह्याला माझा म्हनून रडले. कढी केली की ह्याची आठवन यायची. आता ह्यो कुनाचा गं? ह्याची आई कुठल्या दारात बसली आसंल?" मग ती बोलिली की कोणी येत नसेल तर मजकडे द्या, मी सर्व करीन, पाणी सोडीन. बाईसाहेब म्हणाल्या, "देता येत नाही, मावशी. उद्या त्याची आई आली तर मी काय दाखवू तिला?" इठाबाईस ते तात्काळ पटले. मान हालवोन बोलिली, "व्हय, व्हय. नगं देऊस. कुनालाच देऊ नगंस. जपून ठेव."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले, ते ऐकिले तैसे लिहिले. पदरचे घातले नाही, राग मात्र आमचा. शोधसरदार त्या राज्यी अद्याप भाकरीआधी खुनी धरितात, आणि रयत टाळ्या पिटते. अस्थी कोणाच्या, कोणी पुरिल्या, हे कळले नाही. चांगदेव आला नाही. तात्या गुरव त्यादिवसापासोन कोणाच्याही अस्थीस हात लावीत नाहीत. आणि गुरुवारी वीज गेली, गिरणी थांबली, की इठाबाई एस.टी. धरिते आणि त्या जिन्याखालच्या बाकावर जाऊन बैसते, आणि वैजयंताबाई खाली आल्या की आपल्या पुत्राचे नाव काढीत नाही, इतकेच पुसते, "आली का गं त्याची आई?"